मातीच्या ट्रॅकवरचा नियम टेपने मोजता आला पाहिजे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मातीवरच्या मोटार शर्यतींवर लेख आला. या खेळावर मराठीत कुणी पानभर लिहिलं, याचा फार आनंद झाला. फोटोही उत्तम होते. पण लेखाचा शेवट ज्या मागणीवर झाला ती मला अजिबात पटली नाही. गाडीच्या मागच्या सस्पेन्शनवरची (चाकं सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्या-स्प्रिंगांवरची) बंधनं काढून टाकावीत, म्हणजे कल्पक मेकॅनिकांना वाव मिळेल, असं लेखक म्हणतात. मी आयोवात राहते. नोकरी शेतीच्या यंत्रांच्या कारखान्यात, काम चेसिस, म्हणजे सांगाडा, आणि सस्पेन्शनचं. उन्हाळ्यात शनिवारी रात्री जवळच्या एका लहान ट्रॅकवर तांत्रिक तपासणीला हात लावते. म्हणजे ज्या बंधनांबद्दल लेखक बोलतात, ती टेप आणि जॅक घेऊन प्रत्यक्ष तपासणाऱ्यांपैकी मी एक आहे. त्यामुळे हे पत्र थोडं लांबेल, त्याला इलाज नाही.

आधी एक चूक दुरुस्त करायला हवी, कारण लेखकाची सगळी मांडणी तिच्यावरच उभी आहे. लेखात म्हटलंय की लेट मॉडेल (मातीसाठी खास बांधलेल्या गाड्यांचा एक वरचा वर्ग) गाडी वळणात, आणि इथली वळणं सगळी डावीकडचीच, डाव्या मागच्या कोपऱ्यातून वर उचलली जाते, तेव्हा त्या चाकावरचा भार निघून जातो आणि ड्रायव्हर कौशल्याने उरलेल्या चाकांवर गाडी सांभाळतो. कौशल्य लागतंच. पण भार निघून जात नाही. वर जाते ती बॉडी. चाक जमिनीवरच असतं आणि त्याला खाली दाबणारी गोष्ट स्प्रिंगपेक्षा वेगळीच असते.

या गाड्यांत मागचा अ‍ॅक्सल एकसंध असतो आणि दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. अ‍ॅक्सलच्या नळीवर दोन्ही टोकांना बर्डकेज नावाचा एकेक खोका बसवलेला असतो. तो नळीवर मोकळा फिरू शकतो. प्रत्येक बर्डकेजमधून दोन दांड्या पुढे चेसिसकडे जातात. दोन बाजूंच्या मिळून चार, म्हणून फोर-बार. या दांड्या अ‍ॅक्सलकडून चेसिसकडे जाताना वर चढत जातात. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाकं अ‍ॅक्सलला पुढे ढकलतात, अ‍ॅक्सल दांड्यांना ढकलतो आणि दांड्या तिरक्या असल्यामुळे चेसिसला पुढे ढकलता ढकलता वरही उचलतात. जेवढ्या जोराने त्या चेसिसला वर उचलतात, तेवढ्याच जोराने चाकाला खाली दाबतात. एका दांडीतून १००० पौंडांचा जोर जातोय आणि ती १५ अंशांत आहे असं धरा. उभ्या दिशेचा वाटा साधारण २५९ पौंड होतो. बॉडी वर गेली, दांडी ३० अंशांवर आली, की तोच वाटा ५०० पौंड. म्हणजे बॉडी जितकी वर जाईल तितकी दांडी उभी होते आणि तितका तिचा दाब वाढतो. हे चक्र स्वतःच स्वतःला वाढवत नेतं. ते कुठेतरी थांबवावं लागतं, म्हणून अ‍ॅक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये एक साखळी लावतात. फोटोत न दिसणारी ती साखळी हा या पत्राचा खरा विषय आहे.

दुसरा परिणाम लेखात आलेलाच नाही. दांडी उभी होत गेली की तिची आडवी लांबी कमी होते. १६ इंचांची दांडी १५ अंशांवरून ३० अंशांवर गेली तर चेसिस तिथे जवळपास ४ इंच वर जाते आणि अ‍ॅक्सलचं डावं टोक सुमारे १.६ इंच पुढे सरकतं. दोन चाकांच्या मध्यांत ६५ इंच अंतर धरलं तर अ‍ॅक्सल साधारण १.४ अंश वळतो, आणि मागची दोन्ही चाकं उजवीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेर, पाहू लागतात. गाडीची शेपूट बाहेर जाते, नाक आत येतं. म्हणजे मागचा अ‍ॅक्सलही स्टिअरिंगचं काम करतोय. प्रेक्षकांना गाडी आडवी चालताना दिसते आणि ड्रायव्हरने स्टिअरिंग उजवीकडे फिरवून धरलेलं दिसतं, त्यामागे हे आहे. (मी एकाच दांडीचा हिशेब दिला. प्रत्यक्षात वरची आणि खालची दांडी वेगवेगळ्या कोनांत असतात, बर्डकेज फिरतो, उजवी बाजू दबते. आकडे बदलतात, दिशा तीच राहते.)

त्यात जे-बार आहे. चेसिसच्या डाव्या बाजूपासून अ‍ॅक्सलच्या पिनियनपर्यंत (इंजिनाचा जोर जिथे आत शिरतो त्या मधल्या भागापर्यंत) जाणारी ही आखूड दांडी अ‍ॅक्सलला आडवं सरकू देत नाही. चेसिसकडचं टोक उंच, पिनियनकडचं खाली. डाव्या वळणात चेसिसला उजवीकडे जायचं असतं, टायर अ‍ॅक्सलला डावीकडे धरून ठेवतात, आणि मधली तिरकी दांडी दाबली जाऊन चेसिसला वर ढकलते. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर अजून दाबलाही नाही, तोवर डावी बाजू उठायला लागलेली असते. जे-बारचं टोक एक भोक वर की एक भोक खाली, यावर गाडीचा स्वभाव बदलतो. पाणी मारलेल्या ओल्या मातीवर संध्याकाळी जे चालतं ते रात्री ट्रॅक सुकून गुळगुळीत झाल्यावर चालत नाही, आणि प्राथमिक फेरी ते अंतिम शर्यत या मधल्या वेळात संघ पान्हे घेऊन गाडीखाली शिरलेले असतात, ते अशाच एकेका भोकासाठी.

लेखकाने ब्रिस्टलचं उदाहरण दिलंय, म्हणून तेही सांगते. टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या काँक्रीट ट्रॅकवर माती पसरून नॅस्कार या शर्यत संस्थेने २०२१, २०२२ आणि २०२३ साली आपल्या सर्वोच्च, म्हणजे कप मालिकेची शर्यत घेतली. कप मालिका मातीवर परतली ती १९७० नंतर पहिल्यांदा. पण २०२२ पासूनच्या नेक्स्ट जेन गाडीत मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. एकसंध अ‍ॅक्सल नाही, म्हणून वर लिहिलेलं काहीच तिथे लागू पडत नाही. इथल्या आयोवातल्या नॉक्सव्हिलला धावणाऱ्या स्प्रिंट गाड्यांची तर जातच वेगळी, त्या टॉर्शन बारवर (पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांवर) असतात. तेव्हा ‘मातीवरची गाडी’ असं एकच प्रकरण धरून बंधनं काढा म्हणणं घाईचं आहे.

आता बंधनांकडे येते. लेट मॉडेलच्या काही मोठ्या मालिकांनी अलीकडच्या वर्षांत डावा मागचा कोपरा किती उंच जाऊ द्यायचा याला मर्यादा घातली. गाडी जॅकने उचलायची, चाक साखळीवर लोंबकळू द्यायचं आणि बॉडीची उंची मोजायची, अशी साधी पद्धत. लेखकाला यात कल्पकतेचा गळा घोटलेला दिसतो. मला तसं का वाटत नाही?

कोपरा वर नेण्याचा फायदा नुसता पकडीचा नव्हता. गाडी आडवी चालत असताना डावी बाजू उंच गेली की बॉडीचे पत्रे आणि मागचा स्पॉयलर वाऱ्यात जास्त येतात आणि हवाच गाडीला दाबून धरते. म्हणजे उंची वाढवण्याला शेवटच नव्हता. एकाने वाढवली की दुसऱ्याला वाढवावीच लागे, आणि ती वाढवायची तर जास्त लांब चालीचे शॉक (धक्के शोषणारे दांडे) हवेत, ते त्या चालीत नेमके वागायला हवेत, म्हणजे ते खोलून बसवणारा माणूस आणि ते तपासायचं यंत्र हवं. याला कल्पकता म्हणण्यापेक्षा खर्चाची चढाओढ म्हणणं योग्य. मातीच्या ट्रॅकने हे आधीही पाहिलंय. १९८० च्या दशकात लेट मॉडेलच्या बॉडी पाचरीच्या आकाराच्या झाल्या, बाजूला उंच फळ्या आल्या, आणि अखेर नियमांनीच त्या आवराव्या लागल्या. सुरक्षेचाही प्रश्न आहे. चेसिस खूप वर गेली की ड्राइव्हशाफ्टच्या (इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या दांड्याच्या) सांध्यांचा कोन वाढतो. तुटलेला शाफ्ट मातीत पडला तर मागून येणाऱ्याला दिसावा म्हणून तो पांढरा रंगवायला लावतात. हा नियम कुणी गंमत म्हणून लिहिलेला नाही.

तरीही मी नियमांची आंधळी बाजू घेत नाही, कारण वाईट नियमही मी भरपूर पाहिलेत. वाईट म्हणजे जो तपासता येत नाही तो.

आमच्या ट्रॅकवरचा एक प्रसंग सांगते. तो लेट मॉडेलचा नाही, खालच्या वर्गातला आहे. या वर्गात १९७८ ते १९८८ च्या जनरल मोटर्सच्या मध्यम आकाराच्या गाड्यांच्या चेसिस अजून धावतात. इथे सगळे त्याला ‘मेट्रिक’ म्हणतात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १०८ इंचांचा. मागे चार आर्म, म्हणजे जोडदांडे: खालचे दोन लांब, वरचे दोन आखूड आणि व्ही आकारात फाकलेले. अ‍ॅक्सलला आडवं धरून ठेवण्याचं काम त्या फाकण्यातूनच होतं, वेगळी दांडी लागत नाही. नियम असा होता की मागचे आर्म ‘दिसायला कारखान्याच्या आर्मसारखे’ असावेत. एवढंच. लांबीचा आकडा नाही.

अंतिम शर्यतीनंतर पहिल्या काही गाड्या तपासणीच्या शेडमध्ये येतात. आर्मवर माती इतकी घट्ट चिकटलेली असते की पातीने खरवडल्याशिवाय बोल्ट सापडत नाही. त्या रात्री एका गाडीचा डावा खालचा आर्म खरवडला. दिसायला अगदी कारखान्याचा, घड्या त्याच, गंज तोच. पण बोल्टचं डोकं आर्मच्या टोकाच्या भोकाच्या मध्यावर नव्हतं. बोट फिरवलं तर एका बाजूला बुशची (भोकात बसणाऱ्या नळीची) भिंत जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, आणि रबराच्या जागी कडक प्लास्टिक. भोक मध्यापासून सरकवलेला बुश होता तो. टेपचं एक टोक पुढच्या बोल्टच्या मध्यावर मी धरलं, दुसरं मागच्या बोल्टवर माझ्या सोबतच्या तपासनिसाने. उजव्या बाजूला तसंच. फरक पाव इंच.

पाव इंचाने काय होतं? दोन चाकांत ५७ इंच धरले तर अ‍ॅक्सल पाव अंश तिरका बसतो. गाडी सरळ भागातही किंचित तिरपी चालते आणि वळणात शिरताना शेपूट आपणहून बाहेर येते. त्या वर्गात, जिथे बाकी सगळं जवळपास सारखं असतं, तिथे हा फरक अख्ख्या शर्यतीत पुरतो.

गाडी चालवणारी मुलगी विशीतली. गाडी जुनी विकत घेतलेली. आत काय आहे तिला खरंच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिचे वडील म्हणाले, दिसायला कारखान्यासारखा आहे की नाही ते सांगा. आणि नियमाचे शब्द धरले तर त्यांचं बरोबर होतं. मुख्य तपासनीस म्हणाला, हेतू बघा. दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीचे लोक मागे उभे राहून ऐकत होते. वाद मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच. निकाल शेवटी तिच्या विरोधात गेला. मला तो तेव्हाही बरोबर वाटला नाही, आजही वाटत नाही. आर्म बेकायदा असायला हवा होता यात शंका नाही. पण कागदावर तो बेकायदा नव्हता, आणि कागदावर नसलेला नियम रात्री बारा वाजता एका पोरीवर लावणं हा न्याय नाही.

पुढच्या मोसमात ते वाक्य काढलं. त्याऐवजी आलं: बोल्टच्या मध्यापासून बोल्टच्या मध्यापर्यंत अमुक लांबी, इतका फरक चालेल, डावं-उजवं सारखं, भोक बुशच्या मध्यावर. तेव्हापासून हा वाद पुन्हा उभा राहिला नाही, कारण उभा राहायला जागाच नाही. टेप लावायची, आकडा वाचायचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की मागच्या सस्पेन्शनवर मर्यादा असावी, पण ती जागा, लांबी आणि चाल यांच्यावर असावी. यंत्राचं नाव घेऊन घातलेली बंदी टिकत नाही. ‘अमुक प्रकारचा आर्म चालणार नाही’ म्हटलं की दुसऱ्या नावाने तोच आर्म येतो. ‘अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंना पुढच्या चाकापासून इतक्या अंतरात’ म्हटलं की कुठल्याही नावाने आला तरी तो तेवढ्याच चौकटीत काम करतो. आयएमसीए या संघटनेच्या मॉडिफाइड वर्गात व्हीलबेस किमान १०८ आणि कमाल ११२ इंच आहे, आणि तो दोन्ही बाजूंना मोजतात. रुंदी टायरच्या बाहेरून बाहेरपर्यंत ७८ इंचांहून जास्त चालत नाही. मागे स्वतंत्र सस्पेन्शन नाही. हा वर्ग १९७९ साली इथून जवळच, व्हिंटनच्या ट्रॅकवर सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. त्याच्या टिकण्यामागे अशा साध्या आकड्यांचा मोठा हात आहे असं माझं मत आहे. या चौकटीतही कुणी फोर-बार लावतं, कुणी तीन दांड्यांचं थ्री-लिंक, कुणी पट्ट्यांची लीफ स्प्रिंग, आणि जिंकणाऱ्यांत फरक राहतोच. कल्पकता मेली कुठे?

चाल मोजण्याबद्दल मात्र मला एक हरकत आहे, आणि ती लेखकापेक्षा नियम लिहिणाऱ्यांसाठी जास्त आहे. जॅकवर उचललेल्या गाडीत साखळीला ताण पडतो तो लोंबकळणाऱ्या चाकाचा आणि अ‍ॅक्सलचा, म्हणजे काहीशे पौंडांचा. ट्रॅकवर त्याच साखळीला दांड्यांच्या पूर्ण जोराशी झुंजायचं असतं. साखळीच्या टोकाला रबराची चकती बसवली, किंवा ती ज्या पट्टीला बांधलीय ती पट्टीच पातळ ठेवली, तर गाडी जॅकवर नियमात बसते आणि वळणात नियमाबाहेर जाते. चकती लावणारा म्हणेल की झटका कमी करायला लावलीय, आणि ते खोटंही नाही. झटक्याने साखळी तुटते, वेल्ड निघतो. पण मग मर्यादेला अर्थ काय उरला? मोजताना जेवढी चाल, धावतानाही तेवढीच, अशी अट हवी: साखळी सरळ बोल्टला, मध्ये ताणला जाणारा कुठलाही भाग नको, आणि झटका शॉकने घ्यावा, ते त्याचंच काम आहे. ज्यांना हे जाचक वाटेल त्यांनी साखळी एक कडी आखूड बांधावी आणि चकती ठेवावी. पण मग मोजमाप चकती पूर्ण दाबून व्हावं. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, चाकाच्या बाजूने खाली ओढायला एक रॅचेट पट्टा पुरतो. हे मी शेडमध्ये करून पाहिलंय. दोन माणसं आणि पाच मिनिटं.

बाकी सगळं मोकळं सोडावं असंच मीही म्हणेन, आणि इथे लेखकाशी माझं जमतं. स्प्रिंग किती कडक, जे-बार कुठल्या भोकात, डाव्या मागच्या चाकावर किती भार, उजवा मागचा टायर डाव्यापेक्षा घेरात किती मोठा, शिशाची वजनं कुठे बांधायची, टायरमध्ये हवा किती: यात कुणी बोट घालू नये. या गोष्टी स्वस्त आहेत, शनिवारी सकाळी अंगणात बदलता येतात, आणि यांतूनच माणूस गाडी शिकतो. काही वर्गांत शॉक साधेच वापरायचे आणि ठरलेल्या किमतीला प्रतिस्पर्ध्याने मागितले तर द्यायचे, असा नियम असतो. तोही मला आवडतो. महागडा शॉक कुणी लावायचाच असेल तर खुशाल लावावा, पण तो त्याच रात्री दुसऱ्याच्या गाडीत जाऊ शकतो हे माहीत असू द्यावं.

आपल्या वाचकांत अभियांत्रिकी शिकणारी, कॉलेजच्या संघातून गाड्या बांधणारी मुलंमुली नक्की असतील. ‘नियम म्हणजे कल्पकतेचा शत्रू’ हे वाक्य त्यांना लगेच भिडेल, म्हणून तर मी एवढं लिहिलं. त्यांनी एक काम जरूर करावं. चार पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि चार टाचण्या घेऊन चेसिस, अ‍ॅक्सल आणि दोन दांड्या फळ्यावर लावाव्यात, चेसिस एकेक सेंटिमीटर वर नेत अ‍ॅक्सल किती पुढे येतो ते लिहून काढावं. मग दांडीचं चेसिसकडचं भोक एक सेंटिमीटर खाली घेऊन पुन्हा तेच करावं. सस्पेन्शनमधला कुठला आकडा बांधला की काय बांधलं जातं, ते त्या दोन रकान्यांत दिसेल. लेखकांनीही करून पाहावं अशी माझी मनापासून विनंती आहे. पुढचा लेख त्यांनी लेट मॉडेलच्या साखळीवर लिहिला, तर मोजमापांची माझी वही त्यांना पाठवायला मी आनंदाने तयार आहे.

आपली,
एक वाचक,
सीडर रॅपिड्स, आयोवा